‘सेलेस्ट’ नव्यानं खेळताय?

पहिल्याच प्रकरणात पन्नास वेळा मेलात म्हणून हात टेकू नका. ‘सेलेस्ट’ (२०१८) या व्हिडिओ गेममध्ये मेल्यावर त्याच स्क्रीनवर क्षणात परत येता, मोजून दिलेल्या लाइफ नाहीत. तेव्हा बिनधास्त मरा, फक्त दर वेळी नेमकं कुठे चुकलं ते बघा. बहुतेकदा उडी घाईत मारलेली असते. कडेवरून पाय सुटल्यावरही साधारण ०.१ सेकंद उडी मारता येते, हे एकदा कळलं की बोटं आपोआप शांत होतात.

सुरुवातीला हवेत डॅश (झटक्यात घेतलेली झेप) एकदाच मिळतो. जमिनीला पाय लागला किंवा हिरवा स्फटिक घेतला की पुन्हा. मॅडेलिनचे (आपण खेळवतो त्या नायिकेचे) केस निळे दिसले म्हणजे डॅश संपलाय. नजर तिथेच ठेवायची सवय लावा, अर्धा खेळ तिथेच सुटतो! भिंतीला उगाच लटकू नका, मॅडेलिनचा दम संपतो.

गोळा करायच्या लाल स्ट्रॉबेऱ्या १७५ आहेत, पण मुख्य गोष्ट संपवायला एकही लागत नाही. पहिल्या फेरीत अवघड वाटतील त्या खुशाल सोडा. खूपच अडलात तर असिस्ट मोडमध्ये (खेळ सोपा करायची सोय) खेळाचा वेग ५० टक्क्यांपर्यंत उतरवता येतो. मी अनेकांना तो लावायला सांगितलाय, त्यात कमीपणा अजिबात नाही.