इंटरसिटी १२५ वाचवायचीय? मग डबे बघ

इंजिनाच्या मोहात सगळेच पडतात. १९७६ साली ब्रिटनमध्ये धावू लागलेल्या या गाडीचं २२५० अश्वशक्तीचं पॅक्समन व्हॅलेंटा इंजिन सुरू होताना ऐकलंस की तूही पडशील. पण खरी गोम डब्यांत आहे. त्यांच्या दिव्यांना आणि एसीला पॉवर कारमधून, म्हणजे गाडीच्या टोकाला असलेल्या इंजिनाच्या डब्यातून, ४१५ व्होल्टचा थ्री-फेज वीजपुरवठा लागतो. दुसरं जुनं डिझेल इंजिन जोडून भागत नाही. त्यामुळे नुसती पॉवर कार ठेवली आणि डबे भंगारात गेले, तर गाडी वाचली असं मी तरी म्हणणार नाही.

गाडी जतन करणाऱ्या गटात आल्या आल्या इंजिनाला हात लावू नकोस. डब्यांचा गंज खरवड, वायरिंगचे नकाशे जमव, निवृत्त फिटरांना बोलतं कर. थंडीआधी अँटीफ्रीझ (इंजिनाचं पाणी गोठू न देणारं द्रव्य) तपास. आणि हो, हेरिटेज मार्गांवर, म्हणजे जुन्या गाड्या हौसेनं चालवतात त्या मार्गांवर, सहसा ताशी ४० किमीच, २०० विसर!