नवरोजच्या (इराणी नववर्षाच्या) तयारीला पहिल्यांदाच जाणाऱ्यासाठी

लॉस एंजेलिसमधल्या इराणी वस्तीत, वेस्टवूडला, मदतीला निघालायस ना? हफ्त-सीनसाठी, म्हणजे 'स'ने नाव सुरू होणाऱ्या सात वस्तूंच्या नवरोजच्या मांडणीसाठी, गहू किंवा मसूर दोन आठवडे आधीच रुजत घाल. आयत्या वेळी धावपळ करून सब्जे (ही हिरवी रोपं) उगवत नाही. बाकी लसूण, सफरचंद, सुमाक (आंबट लाल मसाला), व्हिनेगर दुकानात मिळतंच. कुणाचा धर्म गृहीत धरू नकोस. या मांडणीभोवती मुस्लिम, ज्यू, बहाई, जरथुश्त्री सगळेच जमतात. चहाचा आग्रह म्हणजे तारोफ, इराणी शिष्टाचार; आपल्याकडच्या पंगतीची आठवण येईल! एक टेबल मतदार नोंदणीसाठी मागून घे. इराणच्या शिराजमध्ये जन्मलेले जिमी डेलशाद २००७ साली वेस्टवूडजवळच्या बेव्हर्ली हिल्स शहराचे महापौर झाले, तेव्हा तिथल्या मतपत्रिकेवर फारसीही होती. टेबलावर मात्र कुठल्याच उमेदवाराचं पत्रक ठेवायचं नाही.