राणीला मोकळं केलं, ते चुकलं का?

प्रश्न : डॉक्टर, मुंबईतल्या व्हिक्टोरिया, म्हणजे घोडागाड्या, बंद झाल्यावर त्यातल्या दोन घोड्या, राणी आणि चंपा, आम्ही कर्जतजवळ आमच्या जागेवर आणल्या. श्रावणात एका रात्री राणीचं पोट दुखायला लागलं. घामाने भिजून ती सारखी लोळत होती. डॉक्टरांनी नाकातून नळी घातली, इंजेक्शनं दिली. पहाटे म्हणाले, हिला आता मोकळं करूया. मी हो म्हटलं. मीच तिला मारलं, असं वाटत राहतं. चंपा नीट खात नाही, फाटकाकडे बघून खिंकाळते. तिच्या पुढच्या खुरांना लॅमिनायटिस, म्हणजे खुराच्या आतल्या भागाला दुखरी सूज, आहे. तिच्या वेळी मी काय करू?
— एक वाचक, कर्जत

उत्तर : ताई, राणीला पोटशूळाने नेलं, तुम्ही नाही. घोड्याला उलटी होत नाही. आतड्याला पीळ पडला की पाणी आणि वायू मागे तुंबतात आणि पोट फुटूही शकतं. नळी त्यासाठीच घालतात. शांत उभ्या घोड्याच्या हृदयाचे ठोके मिनिटाला २८ ते ४४ असतात. पीळ पडल्यावर ते ८० च्या वर जाऊ शकतात, हिरड्या जांभळ्या पडतात, वेदनेचं औषध लागू पडेनासं होतं. त्यावर उपाय एकच, काही तासांत पोटाची मोठी शस्त्रक्रिया. भर पावसात, रात्री, म्हाताऱ्या घोडीला घेऊन तुम्ही कुठे जाणार होतात? तुमच्या होकाराने तिचे वेदनेचे तास तेवढे कमी झाले.

आणखी एक सांगते. गाडीच्या घोड्यांना अनेकदा वर्षानुवर्षं जंताचं औषध मिळत नाही. काही जंतांच्या अळ्या आतड्याच्या रक्तवाहिन्यांतच राहतात आणि त्या खराब करतात. दात झिजलेले, खाणं अवेळी. राणी तुमच्याकडे आली ती बहुधा हे सगळं अंगात घेऊनच. सोडवून आणलेलं जनावर दगावलं की माणूस फक्त आपल्याकडच्या दिवसांचा हिशेब मांडतो. तसं करू नका. ‘घोडीच तर होती’ म्हणणाऱ्यांना उत्तर द्यायलाही बांधील राहू नका. रोज खरारा केलेल्या जनावरासाठी रडू येणारच.

आता चंपा. ती झुरत असेल, घोडे जोडीदाराला शोधतात. पण ‘दुःखात आहे’ म्हणून थांबून राहू नका. पावसाळ्यात चावऱ्या माश्यांमुळे सर्रा हा रक्तातल्या परजीवीचा आजार होतो, त्यातही घोडं खाणं टाकतं. ताप बघा, ३८.५ सेल्सिअसच्या वर गेला तर रक्त तपासून घ्या. लीद रोज पडते ना, दात टोचत नाहीत ना, हेही बघायला सांगा. सोबतीला शेळी चालते. नवा घोडा आणायचा तर आधी ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य आजाराची तपासणी आणि काही आठवडे वेगळा गोठा, कारण हा आजार माणसालाही होतो.

लॅमिनायटिससाठी धान्य, गूळ आणि कोवळं हिरवं गवत बंद. सुकं गवत द्या, पायाखाली जाड मऊ अंथरूण ठेवा, खुरं जाणत्या माणसाकडूनच तासून घ्या. अशा सांभाळाने बऱ्याच घोड्या पुढे चांगल्या जगतात.

आणि एक काम चंपा बरी दिसेल त्या दिवशी करा. कधी थांबायचं, ते डॉक्टरांसोबत बसून लिहून ठेवा : दिवसातला बराच वेळ आडवी, बादली वाजवली तरी मान वर नाही, औषध देऊनही पाऊल टाकवत नाही. खाली डॉक्टरांचा आणि जेसीबीवाल्याचा नंबर, खड्ड्याची जागा विहिरीपासून लांब. मोकळं करायला दिलेलं औषध शरीरात राहतं, ते गिधाडांच्या, कुत्र्यांच्या पोटात जाऊ नये म्हणून खोल पुरावं लागतं. पावसात ऐन वेळी हे जमत नाही. कागद तबेल्याच्या दारामागे लावा. मग पहाटे तीन वाजता, एकटीने, रडत ठरवायची वेळ येणार नाही.

चंपाचा ताप मात्र आजच बघा. दिवसभर तिने काही खाल्लं नसेल, तर हे उत्तर वाचत बसू नका, डॉक्टरांना बोलवा.