पुण्यात भाड्याच्या घरात राहून मुलाला पहिलीत आरटीईतून प्रवेश मिळवायचा असेल, तर आधी शाळा ठरवावी की घर?

आपण लिहिले आहे की ऑक्टोबरमध्ये आपले कुटुंब लातूरहून पुण्याला येत आहे, सिंहगड रस्त्याच्या परिसरात आपण भाड्याने घर शोधत आहात, मुलगा पुढच्या जूनमध्ये पहिलीत जाईल आणि मुलाच्या वडिलांकडे इतर मागास वर्गाचा जातीचा दाखला आहे. अशा स्थितीत आरटीईतून, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याने राखून ठेवलेल्या जागांतून, चांगल्या खासगी शाळेत प्रवेश मिळावा म्हणून आधी शाळा निवडावी की घर, असा आपला प्रश्न आहे. मी याच परिसरात गेली बारा वर्षे भाड्याने राहते. माझ्या मुलीचा आरटीई प्रवेश हातातोंडाशी येऊन गेला आणि धाकट्या मुलाला तो मिळाला, म्हणून दोन्ही अनुभव मी जवळून घेतले आहेत. माझे उत्तर असे आहे की आधी घर ठरवावे, आणि ते ठरवताना भाडे किती आहे याच्याइतकाच विचार घरमालक नोंदणीकृत भाडेकरार करून देणार आहे की नाही याचाही करावा.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा असून तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यातील बाराव्या कलमानुसार खासगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशाच्या पहिल्या वर्गातील २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतील मुलांसाठी ठेवायच्या असतात. या जागा मूल ज्या परिसरात राहते त्या परिसरातील शाळेत मिळाव्यात, असा कायद्याचा मूळ विचार आहे. म्हणून अर्जामध्ये शाळेच्या नावाआधी घराचा पत्ता येतो, आणि २०२५-२६ च्या प्रवेशात एक किलोमीटरच्या आत राहणाऱ्या मुलांचा विचार आधी झाला आणि त्यानंतर एक ते तीन किलोमीटरच्या टप्प्यातील मुलांचा. आपण शाळा निवडतो असे आपल्याला वाटत असले, तरी आपल्यासाठी शाळांची यादी आपला पत्ताच निवडत असतो.

तो पत्ता कागदावर सिद्ध करता आला नाही तर काय होते, ते माझ्या मुलीच्या वेळी झाले. या जागा ज्या सोडतीने वाटल्या जातात त्या सोडतीत तिचे नाव लागले होते आणि शाळा घरापासून चालत दहा मिनिटांवर होती. कागदपत्रांच्या पडताळणीला मी सुटी काढून गेले, तेव्हा माझ्याजवळ मुद्रांकावर टंकलिखित करून नोटरी केलेला भाडेकरार होता; इथे राहायला आल्यापासून दरवर्षी आम्ही तसाच करार करत आलो होतो आणि त्यात काही उणे आहे असे आम्हाला कोणी सांगितले नव्हते. पडताळणी समितीतील बाईंनी तो दोनदा उलटून पाहिला आणि दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदणी झालेला करारच चालेल, असे सांगितले. शिधापत्रिका सासरच्या गावची, वीजबिल घरमालकाच्या नावावर आणि बँकेचे पासबुक माहेरच्या पत्त्याचे, अशी आमची अवस्था होती. मी तिथेच घरमालकाला दूरध्वनी केला. परंतु त्या दिवशी नोंदणी करून उपयोग नव्हता, कारण करार अर्ज भरण्याच्या तारखेपूर्वीचा असावा लागतो. मुलीची जागा प्रतीक्षा यादीतील दुसऱ्या मुलाला गेली. त्या मुलाचा हक्कही तेवढाच खरा होता, हे मला तेव्हाही कळत होते, तरी घरी परतताना रिक्षात मला रडू आवरले नाही.

म्हणून या एका कागदाबद्दल मी सविस्तर लिहिते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या पंचावन्नाव्या कलमानुसार भाडेकरार लेखी असणे आणि त्याची नोंदणी होणे बंधनकारक आहे, आणि ती नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकावर आहे. म्हणजे आपण नोंदणी मागतो तेव्हा त्याच्याकडे मेहेरबानी मागत नसतो. महापालिकेच्या हद्दीत नोंदणी शुल्क १,००० रुपये आहे आणि मुद्रांक शुल्क कराराच्या काळातील एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के असते. अनामत रकमेमुळे त्यात थोडी भर पडते. हे काम आता ऑनलाइन होते आणि अंगठ्याचे ठसे घेण्यासाठी एजंट यंत्र घेऊन घरीही येतो. तरीही काही घरमालक टाळाटाळ करतात. पुण्यात त्याचे एक नेहमीचे कारण असे की मालक स्वतः राहत असलेल्या घराला मिळकतकरात ४० टक्के सवलत मिळते आणि घर भाड्याने दिल्याचे नोंदले गेले की ती जाईल, अशी त्यांना भीती असते. त्यांची अडचण मी समजू शकते, पण तिची किंमत आपल्या मुलाने द्यावी हे मला मान्य नाही. घर पाहताना पहिल्याच भेटीत हा विषय स्पष्ट बोलावा, आणि उत्तर गुळमुळीत आले तर घर कितीही हवेशीर असले तरी पुढचे पाहावे.

करार किमान अकरा महिन्यांचा असावा. आपण ऑक्टोबरमध्ये येत आहात हे या दृष्टीने चांगले आहे, कारण २०२५-२६ च्या प्रवेशासाठी अर्ज जानेवारीतच सुरू झाले होते आणि फेब्रुवारीत सोडतही निघाली होती. पूर्वी हे सगळे मार्च-एप्रिलपर्यंत लांबत असे; आता त्या भरवशावर राहू नये. करारात आई आणि वडील दोघांचीही नावे घालून घ्यावीत आणि ती मुलाच्या जन्मदाखल्यावर जशी आहेत अगदी तशीच लिहावीत.

आता घर नेमके कुठे घ्यावे याविषयी. सिंहगड रस्त्याचा नकाशा पाहिलात तर एका बाजूने मुठा नदी वाहते आणि पलीकडच्या काठावर कर्वेनगर आहे. आनंदनगर किंवा हिंगणे खुर्दच्या घरातून अर्ज भरताना नकाशावर आपल्या घराची खूण केली की कर्वेनगरमधल्या शाळा फार जवळ दिसतात, कारण ते अंतर नदीवरून सरळ मोजलेले असते. प्रत्यक्षात मुलाला न्यायचे तर राजाराम पुलावरून वळसा घालावा लागतो, आणि सकाळच्या वेळी त्या पुलाकडे जाणाऱ्या रस्त्यावर किती गर्दी असते ते आपण एकदा पाहिल्याशिवाय कळणार नाही. अर्जात दहा शाळा निवडता येतात. पुष्कळ पालक नावाजलेल्या शाळा आधी निवडतात आणि मग दहा हा आकडा भरून काढण्यासाठी दूरच्याही टाकतात. सोडतीत नेमकी तीच दूरची शाळा लागली तर ती घ्यावी की सोडावी, हा पेच उभा राहतो; कारण निवड होऊनही प्रवेश घेतला नाही तर पुढच्या फेऱ्यांत पुन्हा संधी मिळत नाही. म्हणून जिथे मुलाला रोज पाठवण्याची आपली खरोखर तयारी आहे तेवढ्याच शाळा निवडाव्यात, मग त्या चारच भरल्या तरी चालेल. नकाशावरची घराची खूण मात्र स्वतः तपासावी. सायबर कॅफेतला मुलगा घाईत ती शेजारच्या गल्लीत ठेवतो आणि अर्ज एकदा कायम झाला की चूक दुरुस्त होत नाही.

बाकीची कागदपत्रे आपल्याला सोपी जातील. मुलाची सहा वर्षे प्रवेशाच्या वर्षातील ३१ डिसेंबरपर्यंत पूर्ण व्हावी लागतात. इतर मागास वर्ग महाराष्ट्रात आरटीईसाठी वंचित गटात धरला जातो, त्यामुळे आपल्याला उत्पन्नाचा दाखला लागणार नाही. वार्षिक एक लाख रुपयांच्या आतील उत्पन्नाची अट आर्थिकदृष्ट्या दुर्बल गटासाठी आहे. जातीचा दाखला लातूरचा असला तरी तो आपल्याच राज्यातील असल्यामुळे चालतो. अर्जाला कोणतेही शुल्क नाही आणि एका मुलासाठी एकच अर्ज भरायचा असतो. दोन अर्ज भरले तर दोन्ही बाद होण्याची भीती असते. सोडत साऱ्या राज्यासाठी एकदाच निघते. निवडीचा संदेश भ्रमणध्वनीवर येतो, परंतु केवळ त्याची वाट पाहत बसू नये. अर्ज क्रमांक घालून संकेतस्थळावर स्वतः पाहत राहावे, विशेषतः प्रतीक्षा यादीच्या दिवसांत.

मुलाच्या वेळी आमची कागदपत्रे चोख होती, पण ते वर्ष २०२४ चे होते. त्या वर्षी ९ फेब्रुवारीला राज्य सरकारने नियम बदलून, ज्या खासगी शाळेच्या एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे तिला या २५ टक्के जागांतून वगळले. एप्रिलमध्ये अर्ज भरला तेव्हा यादीत खासगी शाळा जवळजवळ उरल्याच नव्हत्या. ६ मे रोजी उच्च न्यायालयाने स्थगिती दिली, आम्ही पुन्हा अर्ज भरला, ७ जूनला सोडत निघाली आणि निकाल मात्र अडकून राहिला. १९ जुलैला न्यायालयाने तो बदल रद्द केल्यावर याद्या लागल्या; पुढे हा निर्णय सर्वोच्च न्यायालयातही टिकला. तोपर्यंत मुलाने ताईच्या शाळेत दीड महिना काढला होता. ऑगस्टमध्ये तो नव्या वर्गात गेला, तेव्हा बाकीच्या मुलांची एकमेकांशी ओळख होऊन गेली होती आणि पहिले काही आठवडे तो डबा तसाच परत आणत असे. असे वर्ष पुन्हा येऊ नये. तरीही जूनमध्ये मूल घरी बसणार नाही एवढी सोय प्रत्येक पालकाने आधीच करून ठेवावी, असे मला वाटते.

प्रवेशानंतरच्या दोन गोष्टीही आत्ताच माहीत असाव्यात. पहिली म्हणजे हा हक्क आठवीपर्यंतच आहे. नववीपासून त्याच शाळेचे पूर्ण शुल्क भरावे लागते आणि तेव्हा मूल चौदा-पंधरा वर्षांचे, मित्रांत रुळलेले असते. दुसरी म्हणजे शिकवणी शुल्क माफ असले तरी व्हॅन, सहली आणि उपक्रमांच्या नावाखाली मागण्या येत राहतात. माफ केलेल्या शुल्काची भरपाई म्हणून सरकारने शाळांना प्रत्येक मुलामागे वर्षाला १७,६७० रुपयांची प्रतिपूर्ती ठरवलेली आहे. ती वर्षानुवर्षे थकते आणि त्याची नाराजी काही ठिकाणी पालकांवर निघते. आमच्याकडे उपक्रम शुल्काचा संदेश आला तेव्हा आम्ही वाद घातला नाही. ही रक्कम कोणत्या नियमानुसार मागितली आहे ते लेखी कळवावे, असे पत्र शाळेला दिले आणि त्यावर पोच घेतली. त्यानंतर तो संदेश पुन्हा आला नाही.

मुलीचे पुढे काय झाले हेही सांगायला हवे, कारण आरटीईच्या जागा अर्जांपेक्षा खूप कमी असतात आणि आपल्या मुलाचे नाव लागेलच असे नाही. आम्ही तिला घरापासून सात मिनिटांवरच्या अनुदानित मराठी शाळेत, सेमी-इंग्रजीच्या वर्गात घातले. त्या वेळी मला ती तडजोड वाटली होती. आज ती सातवीत आहे आणि तिचे गणित व इंग्रजी कोणत्याही खासगी शाळेतील मुलांच्या बरोबरीचे आहे. याहून मोठी गोष्ट अशी की तिच्या वर्गातली अकरा मुले आमच्याच दोन गल्ल्यांतली आहेत. संध्याकाळी ती एकत्र खेळतात, आजारी मुलाच्या वह्या शेजारचे मूल घरी आणून देते आणि मला पतसंस्थेतून यायला उशीर झाला की खालच्या मजल्यावरच्या आजी तिला आपल्या नातवाबरोबर जेवायला बसवतात. मुलाच्या शाळेतील मित्र धायरीपासून कोथरूडपर्यंत विखुरलेले आहेत; वाढदिवसाखेरीज तो त्यांना शाळेबाहेर भेटत नाही, आणि संध्याकाळी ताईच्या मित्रांमागे हिंडतो. त्याची शाळा उत्तम आहे, तेथील ग्रंथालय आणि प्रयोगशाळा पाहून मला समाधान वाटते. तरीही भाड्याच्या घरात राहणाऱ्या, नातेवाईक दूर असलेल्या आपल्यासारख्या कुटुंबाला शेजारची माणसे किती लागतात हे मुलीच्या शाळेने मला शिकवले, आणि ही माणसे आम्हाला तिला आणायला जाता-येताना शाळेच्या फाटकाशी भेटली.

म्हणून ऑक्टोबरमध्ये घर पाहायला याल तेव्हा एक दिवस त्यासाठी राखून ठेवा. पसंत पडलेल्या घरापासून जवळची अनुदानित शाळा आणि जवळची आरटीईची शाळा या दोन्ही ठिकाणी मुलाचा हात धरून चालत जा, आणि शाळा सुटण्याच्या वेळी पोहोचा. फाटकाशी आजी-आजोबा उभे असतात. कोणते शिक्षक मुलांना नावाने ओळखतात, पावसाळ्यात कोणत्या रस्त्यावर पाणी साचते आणि कोणता घरमालक करार नोंदवून देतो, हे सारे त्यांना ठाऊक असते आणि विचारले तर ते आपुलकीने सांगतात.