बसमध्ये न चढलेली माणसं

परदेशात कामाला गेलेल्यांचे आणि त्यांच्या घरच्यांचे प्रश्न या पानावर येतात. मी वकील नाही. आखातातल्या एका बांधकाम कंपनीत सोळा वर्षं टाइमकीपर होतो, म्हणजे साइटवरची हजेरी लिहिणारा. परत आल्यापासून अडकलेल्या कामगारांची कागदपत्रं लावून देतो. या वेळची चार पत्रं एकाच काळजीतून आलेली आहेत, म्हणून ती एकत्र घेतोय.

प्रश्न : माझे पती कतारमध्ये, दोह्यात शटरिंग कारपेंटर आहेत. चार महिने पगार नाही. कॅम्पातले साठ-सत्तर जण कंपनीच्या ऑफिससमोर जाऊन बसायचं ठरवत आहेत. हे म्हणतात, मी एकटा खोलीत थांबलो तर उद्या कुणाच्या डोळ्याला डोळा कसा देऊ? मी त्यांना जाऊ नका म्हणू का?

उत्तर : ताई, हा निर्णय त्यांचा आहे. नोकरी त्यांची जाणार, विमानात त्यांना बसवलं जाणार, तेव्हा इथे बसून मी ‘जा’ किंवा ‘जाऊ नका’ म्हणणं बरोबर नाही. पण डोळे उघडे ठेवून ठरवायला हवं, म्हणून मला जे ठाऊक आहे ते सगळं सांगतो.

2022 च्या ऑगस्टमध्ये दोह्यात असंच घडलं. फुटबॉल विश्वचषकाला तीन महिने उरले होते. साठेक कामगार थकलेल्या पगारासाठी सी रिंग रोडवर, आपल्या कंपनीच्या ऑफिसबाहेर जमले. काहींचे सात-सात महिन्यांचे पैसे अडकले होते. रस्ता अडला. काहींना ताब्यात घेतलं आणि काहींना देशाबाहेर काढलं. सुरक्षेचे कायदे मोडले, असं सरकारने सांगितलं. त्याच सरकारने थकलेला पगार आपण चुकता करत असल्याचंही जाहीर केलं. पैसे खरोखरच थकले होते, हे त्यामुळे मान्यच झालं. तरीही पैसे मागायला रस्त्यावर आलेल्यांतले काही जण परत पाठवले गेले. ही गोष्ट मला आजही गिळता येत नाही.

कतारच्या 2004 च्या कामगार कायद्यात कामगारांची समिती स्थापन करायची सोय आहे, पण तिचे सभासद फक्त कतारी नागरिक होऊ शकतात. तुमच्या पतींना ते दार बंद आहे. दुसरी दारं मात्र उघडी आहेत आणि रस्त्यावर येण्याआधी ती ठोठावलेली असावीत. पगार बँकेत जमा झाला की नाही, हे तिथल्या वेतन संरक्षण व्यवस्थेत सरकारला दिसतं. तक्रार कामगार मंत्रालयाकडे करायची. तिथे तडजोड झाली नाही, तर प्रकरण वाद निवारण समितीकडे जातं. या समित्या 2018 पासून काम करत आहेत. माझा आग्रह एवढाच, की साठ जणांनी मिळून एक अर्ज करू नये. साठ जणांनी साठ तक्रारी कराव्यात, शक्यतो एकाच दिवशी, आणि प्रत्येकाने आपला तक्रार क्रमांक घरी पाठवावा. एका अर्जावर एकाचंच नाव वर येतं आणि मग तोच पुढारी ठरतो.

पासपोर्ट कुणाकडे आहे ते आजच विचारा. मालकाने तो स्वतःकडे ठेवणं कतारमध्येही बेकायदा आहे आणि 25,000 रियालपर्यंत दंड आहे. करारपत्र, बँकेचं स्टेटमेंट, ओळखपत्राच्या दोन्ही बाजू, टाइमशीटचे फोटो, या सगळ्याची एक प्रत तुमच्या फोनमध्ये हवी. पोलीस कामगाराचा फोन काढून घेतात, तेव्हा घरची प्रतच उपयोगी पडते.

आणि ते बसलेच, तर फुटपाथवर बसावेत, गाड्यांची वाट सोडून. रस्ता अडला म्हणजे हिंसा झाली असं नाही, संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीनेच ते स्पष्ट केलं आहे. पण तो मुद्दा तुमच्या पतींना पोलीस ठाण्यात मांडता येणार नाही, म्हणून सांगतोय. फोरमन शिव्या देईल, कुणीतरी दगड उचलायला चिथवेल. हात मांडीवरच ठेवायचे. वाचता न येणाऱ्या कागदावर सही करायची नाही. पकडलं तर ‘माझ्या दूतावासाला कळवा’ हे एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायचं. 1963 च्या व्हिएन्ना कराराच्या कलम 36 प्रमाणे तो त्यांचा हक्क आहे. बाहेरून दूतावासाला फोन लावणं आणि भारत सरकारच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार टाकणं हे काम तुमचं. त्या दिवशी फोन चार्ज ठेवा आणि जवळ दुसरं एक माणूस असू द्या.

प्रश्न : मी दुबईत गोदामात काम करतो. मित्रांनी आमच्या देशातल्या एका आंदोलनाला पाठिंबा म्हणून चौकात जमायचं ठरवलंय. मी जाणार नाही, फक्त व्हिडिओ पुढे पाठवीन. एवढ्याने काही होतं का?

उत्तर : होतं. 2024 च्या जुलैमध्ये बांगलादेशात आरक्षणाविरुद्ध विद्यार्थ्यांचं आंदोलन पेटलं, तेव्हा संयुक्त अरब अमिरातीतले बांगलादेशी कामगार रस्त्यांवर जमले. दोन-तीन दिवसांत खटला उभा राहून निकालही लागला. 57 जणांना शिक्षा झाल्या : तिघांना जन्मठेप, 53 जणांना दहा वर्षं, एकाला अकरा वर्षं. निदर्शनांचं चित्रीकरण करून ते ऑनलाइन टाकणं हाही आरोपांचा भाग होता. बांगलादेशात सत्ताबदल झाल्यावर सप्टेंबरमध्ये अमिरातीच्या राष्ट्राध्यक्षांनी त्यांना माफी दिली आणि ते घरी गेले.

ती शिक्षा अन्याय्य होती असं माझं ठाम मत आहे. पण माझं मत तुला तुरुंगातून सोडवणार नाही. व्हिडिओ पाठवू नकोस. मित्रांनाही हे सगळं वाचून दाखव, त्यांना कदाचित ठाऊक नसेल.

प्रश्न : मी कामगार कायद्याची विद्यार्थिनी आहे. यजमान देश ऐकत नाहीत हे समजलं. पण आपण आपल्या सरकारकडे नेमकं काय मागायचं?

उत्तर : तुझं पत्र वाचून बरं वाटलं, कारण हे विचारणारे फार थोडे. सगळ्या स्थलांतरित कामगारांच्या आणि त्यांच्या कुटुंबीयांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार 18 डिसेंबर 1990 रोजी मंजूर झाला आणि 1 जुलै 2003 पासून लागू आहे. माणसं बोलावून घेणाऱ्या आखाती देशांनी तो स्वीकारलेला नाही. माणसं पाठवणाऱ्या आपल्या देशानेही नाही. जो करार आपणच स्वीकारला नाही, तो दुसऱ्यासमोर कोणत्या तोंडाने ठेवायचा?

त्यातलं कलम 22 नीट वाच. सरसकट हकालपट्टीला तिथे बंदी आहे. प्रत्येक माणसाचं प्रकरण वेगळं तपासून निर्णय घ्यायला हवा. हाकललं तरी कमावलेला पगार बुडत नाही, जाण्याआधी किंवा गेल्यानंतर तो वसूल करायची वाजवी संधी मिळायला हवी. माझ्या अनुभवाने सांगतो, निदर्शनं करणाऱ्याला तुरुंगापेक्षा विमानाची भीती जास्त असते. डोक्यावर एजंटचं कर्ज असतं, तिकीट काढलं की सगळं संपलं. मालकालाही हे पक्कं माहीत असतं. म्हणून दोन देशांतल्या मनुष्यबळ करारांत हे वाक्य मागायला हवं : शांतपणे पगार मागितला या कारणासाठी कुणालाही परत पाठवणार नाही, आणि पाठवण्याआधी दूतावासाला कळवून हिशेब चुकता करणार.

वेळ लागेल, हेही लक्षात ठेव. दक्षिण कोरियात स्थलांतरित कामगारांनी 2005 मध्ये संघटना काढली. सरकारने नोंदणी नाकारली, कारण सभासदांत कागदपत्रं नसलेले कामगारही होते. खटला चालू असताना पदाधिकाऱ्यांना पकडून त्यांच्या देशांत परत पाठवलं. त्यांच्या जागी नवे उभे राहिले. जून 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की व्हिसा असो वा नसो, कामगार तो कामगार, त्याला संघटना करता येते. दहा वर्षं गेली. तू तो निकाल मिळवून अभ्यास.

प्रश्न : मी तुमचं पान नियमित वाचतो. एक खटकतं. दुसऱ्याच्या घरी पाहुणे म्हणून गेल्यावर तिथले नियम पाळायला नकोत का? जमत नसेल तर परत यावं. निदर्शनं कशाला?

उत्तर : तुम्ही मनापासून विचारलंत, म्हणून मीही मनात इतकी वर्षं ठेवलेलं सांगतो.

पाहुणा पन्नास अंशांत सळया बांधत नाही. कामगार करार करून जातो. करारात महिन्याचा पगार लिहिलेला असतो आणि तो मोडतो मालक. ‘परत यावं’ म्हणता, पण पासपोर्ट मालकाच्या कपाटात आणि व्हिसा त्याच्याच नावाशी बांधलेला. सौदीत तर मालकाने ‘हुरूब’ लावला, म्हणजे कामगार पळून गेल्याची नोंद केली, की पगारासाठी भांडणारा माणूसच बेकायदा ठरू शकतो.

शांततेने जमण्याचा हक्क नागरी आणि राजकीय हक्कांच्या 1966 च्या आंतरराष्ट्रीय कराराच्या कलम 21 मध्ये आहे. मानवाधिकार समितीने 2020 मध्ये या कलमाचा अर्थ सविस्तर सांगितला. हा हक्क परदेशी नागरिकांनाही आहे, स्थलांतरित कामगारांना आहे, कागदपत्रं नसलेल्यांनाही आहे. सौदी आणि अमिराती या करारात नाहीत. कुवेत 1996 पासून आहे, कतार 2018 पासून. म्हणजे निदान या दोघांना तुमचा ‘घरचे नियम’ हा युक्तिवाद करता येत नाही, हा नियम त्यांनी स्वतः घरात आणलेला आहे.

आणि उभं राहिल्याने फरक पडतो. इटलीत रोमच्या दक्षिणेला, लातिनाच्या शेतमळ्यांत पंजाबी मजूर राबतात. एप्रिल 2016 मध्ये ते हजारोंनी काम थांबवून शहराच्या चौकात जमले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुकादमांच्या पिळवणुकीविरुद्ध इटलीने कायदा केला. तिथली पिळवणूक संपली असं मी म्हणणार नाही. पण मुकादमाला आणि मालकाला तुरुंगात घालणारं कलम आज त्यांच्या हातात आहे. अमेरिकेत 2008 मध्ये मिसिसिपीच्या गोदीतले भारतीय वेल्डर आणि पाइपफिटर काम सोडून बाहेर पडले आणि थेट वॉशिंग्टनला जाऊन उपोषणाला बसले. सात वर्षांनी ज्यूरीने त्यांच्यातल्या पाच जणांच्या बाजूने सुमारे 1.4 कोटी डॉलरची भरपाई ठरवली.

आता माझं. एका हिवाळ्यात आमच्या कॅम्पातली माणसं पहाटे पाचच्या बसमध्ये चढली नाहीत. चार महिने पगार नव्हता. कुणी ओरडलं नाही, काच फुटली नाही. डबे शेजारी ठेवून ती फाटकापाशी वाळूत बसली. ड्रायव्हरने इंजिन चालूच ठेवलं होतं, त्याचा धूर त्यांच्या अंगावर जात होता. मला हजेरी लिहायची होती. टाइमशीटवर हजर, गैरहजर, आजारी आणि सुट्टी एवढेच रकाने होते. मी सगळ्यांपुढे ‘गैरहजर’ लिहिलं. दुपारी मॅनेजरने शीट मागितली आणि विचारलं, यातले बोलणारे कोण? मी अकरा नंबरांवर खुणा केल्या. दोन दिवसांत ते अकरा जण विमानतळावर पोहोचले. बाकीच्यांना पगार मिळाला.

मला कुणी धमकावलं नव्हतं. नियम आहे, विचारलं तर सांगायचं, एवढंच तेव्हा डोक्यात होतं, म्हणून तुमचं पत्र मला टोचलं. ती माणसं गैरहजर नव्हती. फाटकापासून वीस पावलांवर, माझ्या समोर होती.

त्या चार महिन्यांच्या टाइमशीटच्या कार्बन प्रती मी येताना बरोबर आणल्या. कामाचे तास, ओव्हरटाइम, फोरमनची सही, सगळं त्यात आहे. त्या अकरा जणांपैकी कुणी, किंवा त्यांच्या घरचं कुणी हे वाचत असेल, तर मासिकाच्या पत्त्यावर आपला कामगार नंबर लिहून पाठवा. प्रत पाठवतो आणि दाव्याचे कागद मीच लावून देतो.