खुब्याच्या बाहेरच्या बाजूला दुखतं, त्या कुशीवर झोपता येत नाही. ऑपरेशनशिवाय बरं होईल का?

हो, बहुतेकांचं होतं, कारण अशा ठिकाणचं दुखणं सहसा सांध्याचं नसून कुल्ल्याच्या स्नायूंच्या कंडरांचं (स्नायू हाडाला जोडणाऱ्या चिवट पट्ट्यांचं) असतं. २०१८ साली ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका चाचणीत सवयी बदलून व्यायाम करणाऱ्यांपैकी साधारण ७७ टक्क्यांना ८ आठवड्यांत बराच फरक पडला; स्टिरॉइडचं इंजेक्शन घेतलेल्यांत हेच प्रमाण ५८ टक्के होतं. म्हणून इंजेक्शनची घाई नको. आधी हे करा:

- पायावर पाय टाकून बसणं आणि एका पायावर भार देऊन रेलून उभं राहणं बंद. (सगळ्यात अवघड हेच, कारण आपण तसं उभे आहोत हे लक्षातच येत नाही.)
- चांगल्या कुशीवर झोपा, दोन्ही गुडघ्यांमध्ये जाडसर उशी.
- उताणं झोपून, गुडघे दुमडून कंबर हळूहळू उचला. जमेल तसं वाढवा, शक्यतो फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली.

खुब्याची बाहेरची बाजू ताणण्याचे व्यायाम मात्र टाळा; त्यांनी कंडरा खुब्याच्या हाडावर आणखी दाबली जाते.

दुखणं जांघेत असेल, पडल्यावर सुरू झालं असेल, पायावर भार देता येत नसेल किंवा बराच काळ स्टिरॉइडच्या गोळ्या घेतल्या असतील, तर आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.