न्यूयॉर्कच्या सबवेत रात्री जाणार असशील तर

तिथल्या गुन्ह्यांच्या बातम्या वाचून एवढं टेन्शन घेऊ नकोस रे, सबवे (म्हणजे तिथली भुयारी रेल्वे) चोवीस तास चालते आणि रात्रीही माणसं असतातच, फक्त उशीर झाला की मधल्या डब्यात बस कारण कंडक्टर तिथेच असतो, प्लॅटफॉर्मवर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची पाटी दिसेल तिथे उभा राहा म्हणजे बरोब्बर त्याच्यासमोर येशील. गर्दीच्या गाडीत एकच डबा रिकामा दिसला तर शिरू नको, काहीतरी गडबड असतेच (बऱ्याचदा नुसता वास 😄). दाराशी मोबाईल हातात धरून बसायचं नाही, दार लागता लागता हिसकावून पळतात. मारामारी झाली तरी इमर्जन्सी ब्रेक ओढू नको, गाडी बोगद्यात अडकली तर पोलीस पोचणार कसे? पुढच्या स्टेशनला उतरून निळ्या दिव्याच्या हेल्प पॉइंटचं बटण दाब नाहीतर सरळ ९११ ला (तिथला इमर्जन्सी नंबर) फोन कर. सबवेचे वेगळे पोलीस १९९५ मध्येच एनवायपीडीत (न्यूयॉर्क शहराच्या पोलीस खात्यात) विलीन झालेत, त्यामुळे येणारे तेच.